वीतभर मातीतला जलसाठा

५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन. आंतरराष्ट्रीय मृदाशास्त्र संघटनेने २००२ मध्ये त्याची मागणी केली, डिसेंबर २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तिला मान्यता दिली आणि २०१४ पासून तो जगभर अधिकृतपणे पाळला जाऊ लागला. नापीक जमिनी सुधारण्याचे काम मनावर घेतलेले थायलंडचे राजे भूमिबोल यांचा हा जन्मदिवस. आपल्याकडे या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी मेळावा भरतो, मृद आरोग्य पत्रिका वाटल्या जातात, माती परीक्षणावर व्याख्यान होते. ते व्हायलाच हवे. पण भाजीपाला पिकवणाऱ्या महाराष्ट्रासाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. डिसेंबरात विहिरींना पाणी असते. रब्बी कांद्याच्या लागणी सुरू असतात, वाटाणा-कोबी रानात उभे असतात आणि उन्हाळी टोमॅटो, मिरची, काकडी, भेंडीसाठी कोणती पट्टी मोकळी ठेवायची याची घरात चर्चा चालू असते. उन्हाळ्यात पाणी कमी पडणार हे सगळ्यांना ठाऊक असते. मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसू लागला, की मग टँकर, बोअर आणि देवाची करुणा एवढेच मार्ग उरतात. मातीत काही सुधारणा करण्याची वेळ निघून गेलेली असते. ती वेळ आत्ता आहे.

पाणी साठवायचे म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे धरण येते, बंधारा येतो, शेततळे येते. पण पिकाला पाणी मिळते ते मुळांभोवतीच्या मातीतून. धरणातून कालव्यात, कालव्यातून चारीत, विहिरीतून पाइपात आणि ठिबकच्या नळीत असा प्रवास करून आलेले पाणी अखेर वीत-दीड वीत मातीत उतरते आणि तिथे किती टिकते यावर सगळा हिशेब ठरतो. या शेवटच्या साठ्याची क्षमता वाढवण्याचा विचार आपल्या पाणी नियोजनात जवळजवळ नाही, आणि भाजीपाल्यात त्याची सर्वांत जास्त गरज आहे, हे आजच्या दिवशी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

माती पाणी साठवते हे महाराष्ट्राला नवे नाही. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात भाद्रपद-आश्विनातल्या पावसाच्या ओलीवर मालदांडी ज्वारी पेरली जाते आणि पुढे एकही पाणी न देता ती काढणीला येते. जमीन मीटरभर खोल, ज्वारीची मुळे त्याहूनही खोल, आणि ताण सोसण्याची त्या पिकाची ताकद मोठी. भाजीपाला या तिन्ही बाबतींत उलटा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये पिकांच्या पाण्याच्या गरजेवर छप्पन्नाव्या क्रमांकाची पुस्तिका काढली. सिंचनाचा अभ्यास करणाऱ्याच्या टेबलावर ती आजही असते. त्या पुस्तिकेत ज्वारीची मुळे एक ते दोन मीटर खोल धरली आहेत आणि मातीतले उपलब्ध पाणी ५५ टक्के संपेपर्यंत पिकाला ताण बसत नाही असे म्हटले आहे. कांद्याची मुळे ३० ते ६० सेंटिमीटर, आणि ३० टक्के पाणी संपताच ताण सुरू. मिरचीला ३० टक्के, टोमॅटोला ४० टक्के, पालकाला अवघे २० टक्के.

हे आकडे रानात उतरवून पाहू. हलक्या मुरमाड जमिनीत पिकाला घेता येईल असे पाणी मीटरभर खोलीला १०० मिलिमीटर धरले, तर कांद्याच्या फूटभर मुळांच्या थरात ३० मिलिमीटर झाले. त्यातले ३० टक्के, म्हणजे ९ मिलिमीटर संपले की पीक कोमेजायच्या वाटेला लागते. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर खर्च धरला तर दीड दिवसात पाणी द्यावे लागेल. तोच खर्च ज्वारीने केला असता तर तशाच जमिनीच्या मीटरभर थरावर तिने नऊ दिवस काढले असते. म्हणजे भाजीपाल्याला जास्त पाणी लागते म्हणण्यापेक्षा वारंवार लागते हे अधिक खरे आहे. मातीची साठवण क्षमता मीटरला १०० वरून १५० मिलिमीटरवर गेली, तर कांद्याची पाळी दीड दिवसावरून सव्वादोन दिवसांवर जाते. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. एप्रिलमध्ये वीज कधी येईल याची वाट पाहणाऱ्याला तो मोठा आहे.

इथे एक गोष्ट आधीच साफ केलेली बरी, कारण बाजारात आणि व्यासपीठावरही तिचा गोंधळ फार होतो. मातीत काहीही मिसळले तरी पिकाची तहान कमी होत नाही. पानांतून उडणारे पाणी हे पीक वाढण्याचीच किंमत आहे. टोमॅटोला हंगामात ४०० ते ६०० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एकरी सुमारे १६ ते २४ लाख लिटर. त्यातला पानांमधून जाणारा वाटा कोणत्याही पावडरीने वाचत नाही. वाचू शकते ते तीन ठिकाणी वाया जाणारे पाणी: मुळांच्या खाली निघून जाणारे, वरच्या वर वाहून जाणारे आणि उघड्या मातीतून उन्हाने उडणारे. रोप लावल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रानातून उडणाऱ्या पाण्यात पानांपेक्षा उघड्या मातीचाच वाटा मोठा असतो. पीक रान झाकते तेव्हा हे प्रमाण उलटते. ठिबक असले म्हणून खाली झिरपणे थांबत नाही. भारी जमिनीत ड्रीपरखालची ओल रुंद पसरते, हलक्या जमिनीत ती गाजरासारखी अरुंद आणि खोल जाते. दोन तास ठिबक चालवून शेतकरी समाधानाने घरी येतो आणि त्यातले बरेच पाणी मुळांच्या खाली मुरमात गेलेले असते. सोबत खतही. म्हणून मातीची सुधारणा आणि ठिबक ही एकाच कामाची दोन अंगे आहेत.

मग मातीत घालायचे काय?

महाराष्ट्राच्या हलक्या जमिनींसाठी पहिले उत्तर आपल्या तलावांच्या तळाशी आहे. पाऊस पडतो, उतारावरची बारीक माती वाहते, पाझर तलावात आणि धरणात साचते. ही आपल्याच रानांची गेलेली माती. त्यात चिकणमातीचे बारीक कण असतात, सेंद्रिय पदार्थ असतो, आणि मुरमाड जमिनीत नेमके हेच नसते. राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. तलावाची साठवण वाढते आणि रानाचीही, असे दुहेरी काम क्वचितच एखादी योजना करते. पण गाळ म्हणजे सोपी गोष्ट नाही. एका एकरावर फक्त एक इंच थर द्यायचा म्हटला तरी सुमारे ३६ ब्रास गाळ लागतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या जवळजवळ तेवढ्याच खेपा. तलावापासून रान दोन-तीन किलोमीटरवर असले, की डिझेलचा खर्चच शेतकऱ्याला मागे ओढतो. म्हणून सगळे रान एकदम भरण्याचा हट्ट धरू नये. ज्या अर्ध्या एकरात उन्हाळी भाजी घ्यायची तेवढेच आधी भरावे.

गाळाबाबत दोन गोष्टी सांभाळायच्या. तो हलक्या जमिनीसाठी आहे. काळ्या भारी रानात आधीच चिकणमाती भरपूर असते. तिथे आणखी गाळ टाकला तर निचरा बिघडतो आणि पाणी धरून मुळे गुदमरतात. दुसरे, गाळाचा सामू आणि क्षारता तपासल्याशिवाय तो रानात आणू नये, विशेषतः गावाचे किंवा कारखान्याचे सांडपाणी जिथे तलावात मिसळते तिथला. एप्रिल-मे मध्ये काढलेला गाळ रानात पसरून उन्हात तापू द्यावा, ढेकळे फुटू द्यावीत आणि मगच शेणखतासोबत मिसळावा. ओला गाळ तसाच गाडला तर त्याचे गोळे होतात आणि वर्ष वाया जाते.

सिन्नरच्या पूर्व भागात किंवा संगमनेरच्या पठारावर अशी गाळ भरलेली पट्टी आणि शेजारची न भरलेली पट्टी एकाच बांधावर उभे राहून पाहता येते. दोन्हीकडे एकाच दिवशी पाणी दिलेले असावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खुरप्याने चार बोटे उकरावे. मुरमाड पट्टीतली माती बोटांतून भुरभुर खाली पडते, तिचा लाडू वळत नाही. गाळाच्या पट्टीतली माती मुठीत दाबली की गोळा होतो, अंगठ्याने हलके टोकले की तो फुटतो, आणि तळहाताला थंडावा लागतो पण पाणी लागत नाही. वाफसा म्हणजे हीच स्थिती. कोणतेही यंत्र न घेता घरातली बाई निंदणी करता करता ही परीक्षा करते आणि पाणी आज द्यायचे की उद्या, हे बिनचूक सांगते. तिचे ते उत्तर ऐकून मोटर चालू-बंद करायची पद्धत किती घरांत आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

दुसरे उत्तर सर्वांना ठाऊक असलेले: सेंद्रिय पदार्थ. इथे आम्हाला थोडा थंड डोक्याने हिशेब मांडायचा आहे, कारण सेंद्रिय कर्ब एक टक्का वाढला की एकरी काही लाख लिटर पाणी जास्त साठते असे सांगणारी भाषणे गावोगाव होतात. ऑस्ट्रेलियातील मृदाशास्त्रज्ञ बुडिमान मिनास्नी आणि अ‍ॅलेक्स मॅकब्रॅटनी यांनी जगभरची मोजमापे एकत्र करून २०१८ मध्ये जो निष्कर्ष काढला तो असा: सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढला तर १०० मिलिमीटर जाडीच्या थरात पिकाला मिळणारे पाणी सरासरी १.१६ मिलिमीटरने वाढते. फूटभर थराला हे साडेतीन मिलिमीटर, म्हणजे एकरी सुमारे १४ हजार लिटर. लाखांचा आकडा कुठेच बसत नाही. शिवाय एक टक्का वाढवणे हेच डोंगराएवढे काम आहे. एकराच्या फूटभर थरात सोळा लाख किलोच्या आसपास माती असते. तिच्यात एक टक्का कर्ब भरायचा तर १६ टन शुद्ध कर्ब लागेल, शेणखताच्या भाषेत शंभर टनांच्या घरात, आणि तेही आपल्या उन्हात काहीच कुजून न गेल्यास.

तरीही आम्ही शेणखत, कंपोस्ट, ताग-धैंचा यांच्याच बाजूने आहोत. हे १४ हजार लिटर एकदाच मिळत नाहीत. प्रत्येक पाळीला तो साठा भरतो आणि रिकामा होतो. हंगामात पंधरा-वीस वेळा. वालुकामय, हलक्या जमिनीत वाढ सरासरीपेक्षा जास्त मिळते. आणि साठवणीपेक्षा मोठा फायदा मातीच्या रचनेत आहे. सेंद्रिय पदार्थाने कण एकमेकांना धरून राहतात, पाण्याने वर पापुद्रा धरत नाही, सरीत सोडलेले पाणी वाहत सुटण्याऐवजी मुरते, मुळे खोल जातात. मुळे चार बोटे खोल गेली तर पिकाचा साठा कर्बाच्या आकड्याहून कितीतरी अधिक वाढतो. टोमॅटो-कांद्याच्या शिफारशींत हेक्टरी २० टनांच्या आसपास शेणखत सांगितलेले असते, म्हणजे एकरी आठ टन. एवढे आज कुणाकडे आहे? बैलजोड्या गेल्या, उकिरडे आटले, शेणखताच्या ट्रॉलीचा भाव ऐकून माणूस गप्प होतो. अशा वेळी आठ टन किंवा असेल ते चार टन सगळ्या रानात उडवून देण्यात अर्थ नाही. पाच फुटांवर गादीवाफे असतील आणि वाफा अडीच फुटांचा असेल, तर खत फक्त वाफ्यात घातल्याने मुळांजवळची मात्रा दुप्पट होते. वाफे मोडू नयेत, पुढच्या पिकाला तेच वापरावेत. तीन-चार वर्षे असे केले तर ०.४ टक्क्यावरचा कर्ब ०.६ च्या आसपास आणणे आवाक्यातले आहे, निदान त्या पट्ट्यात.

शिवाय पाचट जाळायचे थांबवले पाहिजे. उसाचे पाचट हेक्टरी आठ ते दहा टन निघते; रात्री पेटलेली रानं पाहिली की पोटात कालवते, कारण शेजारच्याच गावात कुणीतरी शेणखतासाठी पैसे मोजत असतो. हे पाचट, गव्हाचे काड, सोयाबीनचा भुसा भाजीच्या वाफ्यावर दोन-तीन इंच पसरला, तर लागणीनंतरचे पहिले आठवडे, जेव्हा उघडी माती सर्वांत जास्त पाणी उडवते, तेव्हाच ती झाकली जाते. हंगाम संपल्यावर तेच कुजून मातीत जाते. चंदेरी-काळा प्लास्टिक कागदही पाणी वाचवतो, तण रोखतो, आणि टोमॅटो-कलिंगडात तो आता सर्रास आहे. पण २५-३० मायक्रॉनचा हा कागद हंगामाअखेर फाटतो, त्याचे तुकडे मातीत राहतात किंवा बांधावर जाळले जातात. मातीच्या नावाने दिवस पाळायचा आणि तिच्यातच प्लास्टिक सोडायचे, हे आम्हाला पटत नाही. तो वापरलाच तर सगळा गोळा करून परत देण्याची व्यवस्था तालुक्यात असली पाहिजे.

या चर्चेत महात्मा फुले यांची आठवण येणे स्वाभाविक आहे. गेल्याच आठवड्यात, २८ नोव्हेंबरला त्यांचा स्मृतिदिन झाला. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी डोंगरातला पालापाचोळा कुजून पावसाबरोबर शेतात येत असे आणि जंगलखात्याच्या बंदीने ते थांबले, हे नोंदवले. सरकारने आपल्या फौजेकडून आणि पोलिसांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरत जाईल, असेही त्यांनी सुचवले. मातीचा कस आणि मातीतली ओल ही दोन खाती त्यांनी वेगळी केली नव्हती. आपण केली. आज खत एका कार्यालयात, पाणी दुसऱ्या कार्यालयात आणि जलसंधारण तिसऱ्या कार्यालयात आहे.

आता बाजारातल्या पुड्यांकडे येऊ. पाणी शोषून फुगणाऱ्या हायड्रोजेलचा बोलबाला मोठा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात स्टार्चपासून असा पदार्थ तयार झाला; आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारित ‘पुसा हायड्रोजेल’ विकसित केले. वजनाच्या साडेतीनशे पटींहून अधिक शुद्ध पाणी ते शोषते आणि शिफारस हेक्टरी अडीच ते पाच किलोची आहे. संशोधन चांगले आहे, त्याबद्दल शंका नाही. पण शेतकऱ्याने साधा गुणाकार करावा. एकरी दोन किलो गुणिले साडेतीनशे म्हणजे ७०० लिटर. उन्हाळ्यात वाढलेल्या टोमॅटोचे एक एकर दिवसाला २४ हजार लिटरच्या आसपास पाणी पिते. सातशे लिटर म्हणजे त्याच्या तीन टक्केही नाही. त्यात आपल्या विहिरींचे पाणी क्षारांचे, चुन्याचे. अशा पाण्यात जेल शुद्ध पाण्याच्या तुलनेत खूपच कमी फुगते. म्हणून याची खरी जागा रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये आणि लागणीच्या खड्ड्यात आहे. तिथे ते रोपाच्या अगदी मुळाशी असते आणि लागणीनंतरचे पहिले नाजूक दिवस निभावून नेते. काही प्रयोगांत त्याचा फायदा दिसला आहे तो बहुधा याच कारणाने. निम्मे पाणी वाचेल असे सांगून कोणी पुडा हातात देत असेल, तर त्याच्यासमोरच हा गुणाकार करावा.

झिओलाइटचे आणि कोळशाच्या भुकटीचे, म्हणजे बायोचारचे, थोडक्यात सांगता येईल. आपल्या दख्खनी बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे इतके देखणे स्फटिक सापडतात की सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते पाहायला लोक लांबून येतात. शेतीत वापरले जाणारे झिओलाइट मात्र मुख्यतः वेगळ्या जातीचे, ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतून खणून काढलेले असते. ते दुरून येते आणि एकरी टनांनी टाकायला परवडत नाही. बायोचारचे तसे नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या विदर्भ-मराठवाड्यात दरवर्षी जाळल्या जातात. त्याच कमी हवेत, बंद भट्टीत भाजल्या तर कोळसा होतो आणि तो मातीत वर्षानुवर्षे टिकतो. हलक्या जमिनीत तो पाणी धरतो, भारी काळ्या जमिनीत फरक कमी पडतो. थेट न टाकता शेणाच्या स्लरीत भिजवून, कंपोस्टमध्ये मिसळून टाकणे बरे, नाहीतर सुरुवातीला तो पिकाच्या वाट्याचे नत्र धरून ठेवतो. गावपातळीवर भट्टी घालण्यासाठी बचत गटांना भांडवल दिले तर या कामात आम्हाला पुढे मोठी आशा दिसते.

कृष्णाकाठच्या आणि प्रवरेच्या कालव्याखालच्या जमिनींचा प्रश्न निराळाच आहे. तिथे पाणी जास्त देऊन जमिनी चोपण झाल्या. सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, वर पाणी साचते आणि वीतभर खाली माती कोरडी राहते. अशा रानात भाजी घेणारा रोज पाणी देतो आणि तरीही पीक सुकते. इथे जिप्सम लागते. त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावते. पण सुटलेला सोडियम बाहेर जायला चर नसेल तर जिप्समचे पैसे मातीत गेले. आधी निचरा, मग जिप्सम, मग धैंचा गाडणे, या क्रमाला पर्याय नाही.

एवढे सगळे केले आणि पाण्याची पाळी होती तीच ठेवली, तर बचत शून्य. गाळ घातला, कंपोस्ट घातले, पाचट पसरले. पण वीज आली की मोटर चालू आणि वीज जाईपर्यंत पाणी, हा परिपाठ बदलला नाही, तर जास्तीचे पाणी खालीच जाणार. शेतकऱ्याला यात दोष देणे सोपे आहे. आठवडाआड रात्रीची वीज असते, उद्या येईल की नाही याचा भरवसा नसतो. मग माणूस हाताशी असलेले पाणी मातीत भरून ठेवतो. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या पट्ट्यात रात्री दारे धरायला जाणे म्हणजे बिबट्याच्या वाटेवर उभे राहणे. तिथे पाण्याची पाळी एक दिवसाने लांबली, तर आठवड्यातली एखादी रात्र माणूस घरात झोपतो. लिटरच्या हिशेबात ही गोष्ट कुठे दिसत नाही, पण आम्हाला ती पाण्याइतकीच मोलाची वाटते. लागणीची मुळे धरली की मूठभर मातीची परीक्षा करून पाळी अर्ध्या दिवसाने, मग एक दिवसाने लांबवून पाहावी. ठिबक असेल तर एकदम दोन तासांऐवजी अर्धा-अर्धा तास थांबून थांबून चालवावे. जमल्यास दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून एक टेन्शिओमीटर घ्यावा; माती पाणी किती जोराने धरून ठेवत आहे, म्हणजे मुळांना ते किती जोराने ओढावे लागेल, हे तो काट्यावर दाखवतो.

सरकारने काय करावे, तेही बोलले पाहिजे. ठिबकला राज्यात ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. शेततळ्याला मिळते, त्यातल्या कागदाला मिळते. पाणी वाहून नेणाऱ्या आणि साठवणाऱ्या प्रत्येक वस्तूला मदत आहे. ज्या मातीत ते शेवटी थांबायचे तिला त्या मानाने फारच थोडे. ठिबकच्या प्रत्येक प्रस्तावासोबत त्या क्षेत्रापुरते कंपोस्ट, गाळ किंवा आच्छादन यांचा खर्च धरला, तर आज पाइपात गुंतवलेल्या पैशाचे चीज होईल. साखर कारखान्यांच्या मळीचे आणि शहरांच्या ओल्या कचऱ्याचे चांगले कंपोस्ट भाजीपाला पट्ट्यांपर्यंत पोचवण्याचे वाहतूक अनुदानही याच खात्यात बसते. पुण्याचा ओला कचरा आणि पुण्याला भाजी पुरवणारी खेड-पुरंदरची रानं यांच्यात तासा-दीड तासाचे अंतर आहे.

आणि वाचलेले पाणी कोणाचे? हा प्रश्न टाळून चालणार नाही. एकाने माती सुधारून पाणी वाचवले आणि त्याच पाण्यावर आणखी एक एकर टोमॅटो वाढवला, तर त्याचे उत्पन्न वाढेल, याचा आनंदच आहे. पण गावच्या भूजलात थेंबभर भर पडणार नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या आकारावर न देता माणसांच्या संख्येवर दिले गेले: दरडोई अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि उसाला बंदी होती. सगळ्या गावांना ते जसेच्या तसे जमेल असे नाही. पण डिसेंबरात विहिरींची पातळी मोजून उन्हाळी भाजीचे क्षेत्र ग्रामसभेत ठरवणे, हे कोणत्याही गावाला जमण्यासारखे आहे.

शेवटी एक अगदी लहान मागणी. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेवर बारा बाबी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. माती किती पाणी धरते याचा त्यात उल्लेख नाही. शेतकऱ्याला पत्रिका सांगते की युरिया किती टाकावा. पाणी किती दिवसांनी द्यावे हे सांगत नाही. यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. कृषी महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थी अनेक वर्षे कीन बॉक्स वापरत आले आहेत: तळाला बारीक भोके असलेली पितळी डबी, गाळण कागद, वाळवून चाळलेली माती, रात्रभर पाण्यात ठेवणे आणि सकाळी वजन. एवढ्याने मातीची कमाल पाणी धरण्याची क्षमता कळते. त्याला मातीचा पोत, म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे प्रमाण जोडले, तर हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीसाठी प्रमुख भाज्यांच्या पाळ्यांचा अंदाजी तक्ता पत्रिकेच्या मागच्या बाजूला छापता येईल. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांकडे त्यासाठी लागणारी माहिती आणि माणसे आहेत. येत्या उन्हाळ्यात मातीचे नमुने घेताना ही तेरावी आणि चौदावी बाब त्यात धरावी.